टाके किती ते नको, फाटलं कुठपर्यंत ते सांगा

बाळंतपणाच्या गप्पांत एक आकडा हमखास येतो. ‘मला सात टाके पडले.’ ‘सातच? मला तर बारा!’ आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा, असा साधा हिशेब. पण हा हिशेब फसवा आहे. बाळाचं डोकं बाहेर येताना योनीच्या तोंडाशी फाटून होणारी ही जखम आता पुष्कळ ठिकाणी एकाच सलग दोऱ्यानं शिवतात, तिथं ‘किती टाके’ याला नीट उत्तरच नसतं. आणि बाहेरून दोन टाक्यांची वाटणारी जखम आतल्या बाजूला फार दूरवर गेलेली असू शकते.

२०२४च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या खासदारांच्या एका सर्वपक्षीय गटानं बाळंतपणातल्या आघातांवर अहवाल दिला. तेराशेहून जास्त जणांनी आपले अनुभव लिहून पाठवले होते. त्यांत वारंवार आलेली एक तक्रार या जखमेची होती. फाटलं होतं, ते वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पुढे वर्षानुवर्षं शी धरता येईना. ज्या देशात याच विषयावरचं महत्त्वाचं संशोधन झालं, तिथली ही गत. म्हणून ही जखम काय असते, ती नजरेतून सुटते कशी आणि शिवतात कशी, हे एकदा सुरुवातीपासून बघू.

‘खाली’ म्हणजे नेमकं कुठं?

योनीचं तोंड आणि गुदद्वार यांच्यामध्ये तीन-चार सेंटिमीटरची जागा असते. डॉक्टर तिला पेरिनियम म्हणतात. रोजच्या मराठीत तिला शब्दच नाही, आपण ‘खाली’ म्हणून भागवतो. मला वाटतं, निम्मा घोटाळा इथूनच सुरू होतो. ‘खाली दुखतंय’ असं बाई सांगते तेव्हा ते योनीत, लघवीच्या जागी, टाक्यांत की गुदद्वाराशी, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि तो विचारायला लाजतो.

ही जागा दिसते तेवढी साधी नाही. कातडीखाली तिथं ओटीपोटाला खालून पेलणारे अनेक स्नायू मध्यावर येऊन मिळतात, तंबूच्या दोऱ्या एका खुंटीला बांधाव्यात तसे. त्यांच्या मागे गुदद्वाराभोवती दोन कडी असतात. बाहेरचं कडं आपल्या ताब्यातलं. शी लागली आणि संडास लांब असला, की आपण आवळून धरतो ते हे. आतलं कडं आपल्या ताब्यात नाही. ते झोपेतही आवळलेलंच असतं, आणि नकळत काही गळू नये ही जबाबदारी मुख्यतः त्याची. दोन्ही कड्यांची कामं वेगळी, त्यामुळे बिघाडही वेगळे. बाहेरचं गेलं तर शी लागताच धावावं लागतं. आतलं गेलं तर कळायच्या आत कपड्याला डाग लागलेला असतो.

चार डिग्र्या

बाळाचं डोकं बाहेर येताना ही सगळी जागा कागदासारखी पातळ होईपर्यंत ताणली जाते. पहिल्या वेळी योनीमार्गे बाळंत होणाऱ्या दहापैकी नऊजणींना थोडंफार तरी खरचटतं, फाटतं किंवा कट घ्यावा लागतो, असं ब्रिटनमधले आकडे सांगतात. म्हणजे फाटणं हा अपवाद नाही. प्रश्न फक्त कुठपर्यंत, एवढाच.

फक्त कातडी किंवा योनीचं अस्तर फाटलं तर पहिली डिग्री. स्नायू फाटले, पण गुदद्वाराची कडी शाबूत राहिली तर दुसरी. फाट कड्यांपर्यंत गेली की तिसरी. हिचे पुन्हा तीन भाग आहेत: बाहेरच्या कड्याची निम्म्याहून कमी जाडी फाटली तर ३ए, निम्म्याहून जास्त फाटली तर ३बी, आतलं कडंही फाटलं तर ३सी. आणि थेट गुदाशयाचं अस्तरही फाटलं की चौथी. ही विभागणी कागदोपत्री हौस नव्हे. ३ए आणि ३सी यांना पूर्वी एकाच ‘तिसऱ्या डिग्री’त टाकत असत, त्यामुळे कुणाला पुढे त्रास होणार आणि कुणाला नाही, याचा मेळच लागत नव्हता.

तिसरी-चौथी डिग्री ब्रिटनमध्ये पहिल्या बाळंतपणात शंभरात सहाजणींना होते, त्यानंतरच्या बाळंतपणांत शंभरात दोघींहूनही कमी. बाळ चार किलोच्या वरचं असेल, त्याचं तोंड आईच्या पोटाकडे असेल, जोर करण्याचा काळ फार लांबला असेल किंवा बाळ ओढून काढायला चिमटे (फोर्सेप्स) लावावे लागले असतील, तर धोका वाढतो. डोक्याला चिकटवून ओढायच्या व्हॅक्यूमपेक्षा चिमट्यांनी जास्त. पण यातलं काहीही नसताना फाटलेल्या बायका भरपूर आहेत, त्यामुळे ‘हिचं फाटणार’ असं आधीच नेमकं सांगणं अजून कुणाला जमलेलं नाही.

नेफ्यात गेलेली नाडी

आता सगळ्यात कळीचा भाग. इतकी मोठी जखम डॉक्टरच्या नजरेतून सुटतेच कशी?

पायजम्याची नाडी तुटली की काय होतं आठवा. दोन्ही टोकं सर्रकन नेफ्यात शिरतात. बाहेरून पायजमा धडधाकट दिसतो, नेफ्याची शिवण जागच्या जागी असते, फक्त तो कमरेवर ठरत नाही. गुदद्वाराच्या कड्याचं नेमकं असंच होतं. हा स्नायू कायम ताणात असल्यामुळे फाटला की त्याची टोकं आक्रसून दोन बाजूंना आपल्याच आवरणात सरकतात. वरून रक्त येत असतं, वार पडायची असते, सगळी सुजलेली जागा दिव्याच्या एका झोतात पाहायची असते. कातडी आणि वरचे स्नायू दिसतात, ते शिवले जातात आणि नोंद होते ‘दुसरी डिग्री’.

१९९३ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी बाळंतपणाच्या आधी आणि सहा आठवड्यांनी गुदद्वारात छोटा प्रोब घालून अल्ट्रासाउंड केला. पहिल्यांदा बाळंत झालेल्या ७९ जणींपैकी २८ जणींच्या कड्यांत फट दिसली. म्हणजे ३५ टक्के! बाळंतपणाच्या वेळी मात्र यातल्या जवळपास कुणाचंच फाटल्याचं कळलं नव्हतं. या जखमांना ‘छुप्या’ जखमा असं नाव पडलं. साध्या डोळ्यांना त्या दिसूच शकत नाहीत, त्याला कोण काय करणार, असा समज रूढ झाला.

त्या समजाला २००६ साली धक्का बसला. इंग्लंडमध्ये २४१ जणींची बाळंतपणानंतर लगेच दुसऱ्यांदा तपासणी झाली, या कामात मुरलेल्या डॉक्टरच्या हातून. पहिल्या तपासणीत ११ टक्क्यांना कड्यांपर्यंतची जखम सापडली होती, दुसऱ्या तपासणीत हा आकडा २४.५ टक्क्यांवर गेला. अल्ट्रासाउंडनं त्यात आणखी किती भर घातली? फक्त १.२ टक्के. थोडक्यात, जखमा छुप्या नव्हत्या. नीट पाहिलं नव्हतं.

आणि नीट पाहायला लागतं काय? एक बोट. तर्जनी गुदद्वारात, अंगठा योनीत, आणि दोन्हींच्या चिमटीत मधला भाग धरून गोळी वळल्यासारखा हळूहळू फिरवायचा. शाबूत कडं दोरखंडासारखं हाताला लागतं. तुटलं असेल तर तिथं पोकळी लागते. भूल दिलेली नसेल तर बाईला आवळायला सांगायचं; एका बाजूला आवळल्याचं जाणवतं, दुसरीकडे नाही. मिनिटभराचं काम आहे. बाईला आधी सांगून, तिची संमती घेऊन, दुखत असेल तर दुखणं थांबवून करायचं. टाके घालण्याआधी एकदा आणि घातल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा अशासाठी, की एखादा टाका चुकून गुदाशयाच्या आत गेला असेल तर तो तेव्हाच काढता येतो.

इंग्लंडमध्ये पहिलटकरणींच्या तिसऱ्या-चौथ्या डिग्रीच्या नोंदी २००० ते २०१२ या काळात १.८ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर गेल्या. बातमी म्हणून हे भयंकर वाटतं. संशोधकांच्या मते यामागे मोठं कारण हे, की बघणारे बघायला शिकले. एखाद्या दवाखान्यात अशा जखमांची नोंद जवळजवळ शून्य असेल, तर मी त्याला शाबासकी देण्याआधी दोनदा विचार करीन.

आधीच कट घेतला तर फाटणं टळत नाही का?

तर्क बिनचूक वाटतो. वेडंवाकडं फाटण्यापेक्षा कात्रीनं सरळ कापलेलं बरं, शिवायलाही सोपं. याला एपिझिओटॉमी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही नामवंत डॉक्टरांनी तो सरसकट घ्यावा असं मांडलं आणि पुढची साठ-सत्तर वर्षं तो घेतला गेला. पुरावा कुणी मागितला नाही.

पुरावा आला १९९३ साली अर्जेंटिनातून. २,६०६ जणींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटात कट सरसकट, दुसऱ्यात गरज पडली तरच. पहिल्या गटात ८२.६ टक्क्यांना कट मिळाला, दुसऱ्यात ३०.१ टक्क्यांना. गंभीर फाटण्याचं प्रमाण? सरसकटवाल्यांत १.५ टक्के, गरजेपुरत्यावाल्यांत १.२. शेकडो बायकांना कापून हाती काहीच लागलं नव्हतं. पुढे असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर कट गरजेपुरता ठेवलेला बरा असंच दिसलं, आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सरसकट कट घेऊ नये असं स्पष्ट सांगितलं.

कारण समजायला कापड डोळ्यांसमोर आणा. अखंड काठ ओढून फाडायला जोर लागतो. तोच काठाला कात्रीची टिचकी दिली की कापड त्याच रेषेत टर्रकन फाटत जातं. म्हणून गुदद्वाराच्या दिशेनं सरळ खाली घेतलेला कट सगळ्यात धोक्याचा. तिरका घेतला तर रेषा कड्यापासून दूर जाते. डब्लिनमधल्या एका अभ्यासात मधल्या रेषेपासून कट दर सहा अंश दूर गेला की कडं फाटण्याची शक्यता निम्म्यानं घटत गेलेली दिसली. इथं एक गंमत आहे. बाळाचं डोकं दाबत असताना कातडी फुग्यासारखी ताणलेली असते. तेव्हा ४५ अंशात घेतलेला कट डोकं बाहेर आल्यावर मूळ जागी सैल होतो आणि मधल्या रेषेच्या बराच जवळ सरकतो. म्हणून आता ६० अंशाचा आग्रह धरतात. ६० अंशात घेतला तर शिवायच्या वेळी तो ४५च्या आसपास येतो.

मग कट कधीच नको का? असंही नाही. २०२४ साली स्वीडनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या खेपेच्या सुमारे सातशे जणींना व्हॅक्यूम लावावा लागला होता. ज्यांना बाजूचा तिरका कट दिला त्यांच्यापैकी ६ टक्क्यांचं कडं फाटलं, ज्यांना नाही दिला त्यांच्यापैकी १३ टक्क्यांचं. तेव्हा ‘कट चांगला की वाईट’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. कुणाला, कधी आणि कुठल्या कोनात, हे सांगावं लागतं.

फाटू नये म्हणून

इथले उपाय इतके साधे आहेत की त्यांवर विश्वास बसत नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं कापड जोर करण्याच्या काळात त्या जागेवर धरलं, तर तिसऱ्या-चौथ्या डिग्रीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. हे चाचण्यांतून पुढे आलेलं आहे. साधारण ३५व्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा योनीच्या तोंडाशी आतून बोटांनी मालिश केली तर पहिलटकरणींना टाके लागण्याची शक्यता थोडी घटते. पंधराजणींनी केली तर एकीचे टाके वाचतात, एवढाच फायदा. पण फुकटचा आहे.

डोकं बाहेर येताना एका हातानं त्याचा वेग आवरायचा, दुसऱ्यानं खालच्या जागेला आधार द्यायचा आणि बाईला जोर थांबवून छोटे छोटे श्वास घ्यायला सांगायचं, ही जुनी पद्धत मध्ये मागे पडली होती. नॉर्वेनं ती परत आणली आणि तिथं जखमा बऱ्याच घटल्या. ब्रिटनमध्ये १६ ठिकाणी हीच पद्धत, योग्य कोनाचा कट आणि बोटाची तपासणी असा संच लागू केला, तेव्हा प्रमाण ३.३ वरून ३ टक्क्यांवर आलं. घट लहान आहे. पण याच काळात तपासणी काटेकोर झाली, म्हणजे पूर्वी सुटल्या असत्या अशा जखमाही मोजल्या गेल्या, हे लक्षात घेतलं तर ती तितकीही लहान नाही.

शिवणकाम

दुसऱ्या डिग्रीची जखम पूर्वी सुट्या टाक्यांनी शिवत. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. दुसऱ्या दिवशी जागा सुजली की प्रत्येक गाठ आपापल्या जागी रुतते. त्याऐवजी सैलसा सलग धावदोरा घातला तर सुजेचा ताण दोऱ्याच्या सबंध लांबीवर वाटला जातो. इंग्लंडमध्ये १,५४२ जणींवर याची चाचणी झाली. दहाव्या दिवशी सुट्या टाक्यांवाल्यांपैकी ४४ टक्के जणींना दुखत होतं, सलग दोऱ्यावाल्यांपैकी २६.५. ना नवं औषध, ना यंत्र, फक्त दोरा ओवायची रीत बदलली. आणि लवकर विरघळणारा दोरा वापरला तर मागाहून टाके काढायला यावं लागणंही बरंच टळतं.

कडं फाटलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. हे काम प्रसूतीच्या टेबलावर घाईनं उरकायचं नसतं. ऑपरेशन थिएटर, भरपूर उजेड आणि कमरेखाली भूल हवी. भूल केवळ दुखू नये म्हणून नाही. भूल दिल्याशिवाय आक्रसलेला स्नायू सैल होत नाही आणि नेफ्यात गेलेली टोकं ओढून बाहेर काढता येत नाहीत. बाहेरचं कडं लालसर, मांसल. आतलं फिकट, पांढुरकं. ते ओळखून वेगळं शिवावं लागतं. बाहेरच्या कड्याची टोकं समोरासमोर जोडायची की एकावर एक चढवून, यावर बराच खल झाला. तीन वर्षांनी दोन्हींत फरक दिसत नाही. मला विचाराल तर शिवणाऱ्याचा हात कशावर बसलाय हे जास्त महत्त्वाचं.

अँटिबायोटिकचंही कटासारखंच, जिथं गरज तिथं. तिसऱ्या-चौथ्या डिग्रीत शिवताना दिलेल्या एका डोसानं दोन आठवड्यांनंतरच्या जखमेच्या तक्रारी २४.१ वरून ८.२ टक्क्यांवर आल्या, पण तो अभ्यास लहान होता. चिमटे किंवा व्हॅक्यूम लावलेल्या ३,४२७ जणींच्या २०१९मधल्या ब्रिटिश चाचणीत एका डोसानं जंतुसंसर्ग १९ वरून ११ टक्क्यांवर आणला.

पहिली शी

याबद्दल कुणी बोलत नाही, आणि प्रत्येकीला धास्ती याचीच असते. टाके उसवतील का? पूर्वी डॉक्टरही याच भीतीनं शी आवळून धरणारी औषधं देत. तपासून पाहिलं तर उलट निघालं. शी मऊ ठेवणारं औषध दिलेल्यांना पहिल्यांदा कमी दुखलं, आवळून ठेवलेल्यांपैकी काहींची शी आत दगड होऊन बसली. म्हणून पहिले काही दिवस लॅक्टुलोजसारखं मऊ करणारं औषध, भरपूर पाणी, आणि कुंथणं नाही.

व्यायाम म्हणजे केगेल. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ साली तो मांडला. वारा सरणार आहे आणि चारचौघांत आहोत, तेव्हा जे आवळतो तेच आवळायचं, काही क्षण धरायचं, सोडायचं. मांड्या-पोट नाही. नीट शिवलेल्या तिसऱ्या-चौथ्या डिग्रीच्या जखमांपैकी ६० ते ८० टक्के जणींना वर्षभरानंतर काहीही त्रास उरत नाही. उरलेल्यांसाठी स्नायूंचं प्रशिक्षण, पुन्हा शस्त्रक्रिया, कण्याच्या खालच्या भागातल्या नसांना सूक्ष्म विजेचे झटके देणारं छोटं यंत्र, असे उपाय आहेत. पुष्कळ वर्षांनी केलेल्या दुरुस्तीचा फायदा काळाबरोबर ओसरतो, म्हणूनच पहिल्याच दिवशी सापडण्याला इतकं महत्त्व. बाईच्याच स्नायूतल्या पेशी वाढवून कड्यात टोचण्याचे प्रयोग चालू आहेत. सध्या त्यांच्या भरवशावर कुणी राहू नये.

ताप आला, घाण वास आला, टाके सुटले, किंवा योनीतून वारा अथवा शी येतेय असं वाटलं, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

‘आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही’

होतं. बाराव्या शतकात इटलीतल्या सालेर्नो इथं लिहिलेल्या स्त्रीवैद्यकाच्या ग्रंथात फाटून योनी आणि गुदद्वार एक झालेल्या बायकांचं वर्णन आहे, आणि ती जखम रेशमी दोऱ्यानं तीन-चार ठिकाणी शिवावी असंही आहे. पूर्वीच्या बायकांनी ते अंगावर काढलं. शिवाय हा त्रास कधी कधी उशिरा उगवतो. तरुणपणी इतर स्नायू भार उचलून नेतात, पाळी गेल्यावर तेही थकतात, आणि साठीतली बाई प्रवास टाळू लागते. तिच्या त्या टाळण्याचा पस्तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाशी संबंध असेल, हे तिलाही सुचत नाही.

मग पुढच्या वेळी सरळ सिझेरियनच का नको?

कडं फाटणं त्यानं टळतं, हे खरं. पण ते पोटावरचं मोठं ऑपरेशन आहे, आणि त्याच्या खुणेवर पुढच्या गरोदरपणात वार चिकटण्याचा धोका वाढतो. शंभरातल्या सहा जखमा टाळायला सगळ्या शंभर जणींचं पोट उघडणं, हा हिशेब जमत नाही. एकदा कडं फाटलेल्या बाईचं पुढच्या बाळंतपणात पुन्हा फाटण्याची शक्यता ५ ते ७ टक्के असते. म्हणजे वीसपैकी जवळपास एकोणीसजणींचं पुन्हा फाटत नाही. मात्र तिला अजून त्रास होत असेल, किंवा अल्ट्रासाउंडमध्ये कड्यात फट दिसत असेल, तर सिझेरियनचा पर्याय तिच्यापुढे ठेवायलाच हवा. निवड तिची.

ही निवड करायची तर पहिल्या वेळी काय झालं होतं ते लिहिलेलं हवं. डिस्चार्जच्या कागदावर नुसतं ‘टाके घातले’ असं असतं, आणि चार वर्षांनी नव्या डॉक्टरला त्यातून काही बोध होत नाही. घरी जाण्याआधी विचारून घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत. डिग्री कितवी, तिसरी असेल तर ए, बी की सी. गुदद्वारातून बोटानं तपासलं का, आधी आणि नंतर. आतलं कडं वेगळं शिवलं का, आणि दोरा कुठला. दोन ओळींत मावतं, आणि डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी ते लिहून दिलं की त्या कागदाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवता येतो.